आनेकलला न गेलेलं बागिन

आमच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि त्यांतली एकही दुसरीशी जुळत नव्हती. एक वेताची, एक लोखंडी घडीची, एक लायब्ररीतून उचलून आणलेली उंच पाठीची, एक हातांची, एक फिरती आणि एक बुटका मोडा. नव्यानं येणाऱ्या मंडळींना वाटायचं, विद्यापीठानं या बाईंना सगळं अडगळीतलं सामान दिलंय. मी तो समज मुद्दाम दूर करत नसे. खरं तर त्या खुर्च्या मी महिनाभर हिंडून जमवल्या होत्या. एखादं घर आत आलं की मी फक्त 'बसा' म्हणायचं आणि उभं राहायचं. कोण कुठली खुर्ची धरतं, कोण कुणासाठी ती पुसतं, कोण दाराजवळची पकडतं आणि कोण सगळे बसेपर्यंत उभं राहतं, एवढं बघण्यात माझं निम्मं काम होऊन जायचं. निदान मला तसं वाटायचं.

फॅमिली थेरपिस्ट म्हणजे नेमकं काय करते, हे माझ्या पुण्याच्या आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "भांडणं मिटवतेस म्हणे," ती म्हणायची, "मग आपल्याकडं कार्यात भांडणं होतात तेव्हा तोंडात मूग धरून का बसतेस?" तिला मी एकदा समजावून सांगितलं होतं, तेच इथं सांगते. घरातलं एक माणूस बिघडतं. मुलगा शाळेत जात नाही, आजोबा जेवत नाहीत, सून रडत बसते. लोक त्या एका माणसाला घेऊन डॉक्टरकडं जातात. आम्ही म्हणायचो, सगळे या. कारण त्या माणसाच्या डोक्यात डोकावण्यापेक्षा दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत काय चाललंय ते बघावं, अशी आमची पद्धत. आत्या म्हणाली, "म्हणजे भांडणंच."

हे सगळं नव्वदच्या दशकातलं, बंगळुरातलं. लग्न होऊन मी इथं आले, विद्यापीठात शिकवायला लागले, आणि दर बुधवारी दुपारी आमच्या विभागाचं सल्ला केंद्र बाहेरच्या लोकांसाठी उघडं असे. खोलीला पंखा नव्हता आणि तो असावा असं कधी कुणाला वाटलंही नाही. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्ष होता, त्याची गुलाबी फुलं खाली लावलेल्या स्कूटरींवर पडून राहायची. साडेतीनला कॉफी यायची आणि तिच्या वासानं काचेपलीकडचे विद्यार्थी चुळबुळ करायला लागायचे.

काचेचं सांगायला हवं. खोलीच्या एका भिंतीत मोठा आरसा होता. आतून आरसा, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून आरपार दिसणारी काच. तिथं माझे आठ विद्यार्थी वह्या घेऊन बसायचे आणि त्यांच्यासोबत सरोजम्मा. येणाऱ्या घराला आम्ही आधी ती खोली उघडून दाखवायचो, विद्यार्थ्यांची ओळख करून द्यायचो, चालेल ना म्हणून विचारायचो. लोक चालेल म्हणायचे आणि पाच मिनिटांत विसरायचे. देवनहळ्ळीचे एक निवृत्त मुख्याध्यापक मात्र कधी विसरले नाहीत. ते प्रत्येक वेळी आत आले की आरशाला नमस्कार करायचे आणि "बसा, बसा" म्हणायचे. कोरमंगलाचं एक जोडपं यायचं, नुकतंच पुण्याहून आलेलं, दोघंही कॉम्प्युटरवाले. नवरा म्हणाला, "मॅडम, आमचा प्रॉब्लेम सिंपल आहे. फक्त कम्युनिकेशन प्रॉपर होत नाहीये." बायको म्हणाली, "बघा. हा घरातपण असाच बोलतो." काचेपलीकडून हसण्याचा आवाज आला आणि मला उठून पाण्याचा पेला शोधण्याचं नाटक करावं लागलं.

आतल्या खोलीत, माझ्या हाताशी, एक फोन होता. तो वाजत नसे, त्याच्यावर लाल दिवा लागे. काचेपलीकडच्यांना काही वेगळं दिसलं, मी काही सोडून देतेय असं वाटलं, की त्यांनी दिवा लावायचा आणि मी हातातलं वाक्य टाकून फोन उचलायचा. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या घराचा रंग लागतो आणि मग त्याला स्वतःचं नाकही दिसत नाही, म्हणून हा नियम. नियम मीच केलेला होता आणि पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत असे.

सरोजम्मा आमच्या केंद्रातल्या समाजसेविका. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, बसवनगुडीत वाढलेल्या, डोक्यात रोज मोगरा. त्यांच्या लहानपणी शेजारी मराठी घर होतं, त्यामुळं मराठी त्यांना बोलता येत नसलं तरी कळायचं सगळं. आम्ही दोघी कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलायचो. माझ्या कन्नडला त्या कधी हसल्या नाहीत. हा त्यांचा मोठेपणा, कारण मी एकदा एका घराला 'या' म्हणायच्या ऐवजी 'जा' म्हटलं होतं आणि ते उठून गेले होते.

संपादकांनी माझ्याकडं 'अविस्मरणीय केस' मागितली आहे. गाजलेल्या, पेपरात छापलेल्या, परिषदांत टाळ्या घेतलेल्या केसेस माझ्याकडं आहेत. पण निवृत्तीनंतर सकाळी चहा पिताना जी आठवते ती वेगळीच आहे. ती लिहायला मी कमलाबाईंची परवानगी घेतली आहे. "नावं बदला," त्या म्हणाल्या, "आनेकल बदलू नका."

आषाढातल्या एका बुधवारी तिघं जण आले. श्रीधर, वय पस्तीसच्या आसपास, सरकारी कचेरीत नोकरीला. त्याची बायको सुधा, सत्तावीस वर्षांची. आणि त्याची आई, सत्तरीकडं झुकलेली, ठसठशीत कुंकू लावणारी. घरात सगळे त्यांना वैनी म्हणायचे, पोटचा मुलगासुद्धा. जुन्या घरांत असं असतंच, दिरांनी जे म्हटलं ते पुढं सगळ्यांच्या तोंडी बसतं. मराठी फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेल्या घरांपैकी हे एक. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींत एकमेकींचं मीठ पडलेलं.

मी 'बसा' म्हटलं. वैनींनी वेताची खुर्ची पदरानं पुसली, सुधाला दंडाला धरून तिच्यात बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी मोडा ओढून बसल्या. श्रीधर उभाच. मी मनात नोंद केली, सुनेनं कुठं बसायचं हेही सासू ठरवते.

"मेडम, ही बोलत नाही," श्रीधर म्हणाला. "चार महिने झाले. बाळाशी बोलते. आमच्याशी नाही. घशाच्या डॉक्टरला दाखवलं, काही नाही म्हणून सांगितलं."

"आधी थांबायचीच नाही हो बोलायची," वैनी म्हणाल्या. "स्वल्प गप्प बस गे म्हणून आम्हीच सांगायचो. आता घरात भांड्याचा आवाज तेवढा."

सुधा खाली बघत होती. तिचे हात मांडीत शांत होते. न बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. काही रागानं गप्प असतात, काही भीतीनं. ही कशानं गप्प आहे ते मला कळेना, आणि कळत नाही हे कबूल करण्याचं माझं तेव्हा वय नव्हतं.

आमच्या धंद्यात पहिल्या भेटीत घराचा नकाशा काढतात. फळ्यावर मोठा कागद लावायचा, पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, पोरांसाठी उभी. आम्ही त्याला वंशवेल म्हणायचो. मी कागदाच्या डाव्या अंगाला सुधाचं माहेर घेतलं, उजव्या अंगाला सासर. माहेर कुठलं, विचारलं. आनेकल, इथून जवळचंच गाव, वैनी म्हणाल्या. आई-वडील? आहेत की, वडील शेती बघतात, आईचं नाव कमला. मी डावीकडं चौकोन आणि गोल काढला. मग उजवीकडं वळले. श्रीधरचे वडील? आहेत, पण ऐकू येत नाही, म्हणून आणलं नाही. भावंडं? "मोठी बहीण आहे एक," श्रीधर म्हणाला. "लग्न होऊन तिच्या घरी आहे," वैनी म्हणाल्या आणि पदर सारखा करायला लागल्या. मी उजवीकडं एक गोल काढला आणि पुढं गेले. तिचं नाव विचारलं नाही.

असे तीन बुधवार झाले. सुधा बोलली नाही. माझं मत मात्र भेटीगणिक पक्कं होत गेलं. सासू प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सुनेच्या वतीनं देते, तिच्या केसांवरून हात फिरवते, ती उठली की आपण उठते. सुनेला श्वास घ्यायला जागा नाही. नवरा दोघींच्या मध्ये उभा राहायचं टाळतो. पुस्तकातलं उदाहरण समोर येऊन बसलं होतं. तिसऱ्या भेटीत वैनी म्हणाल्या, "पोर गेली चार दिवस आनेकलला तर कमलीला पण बरं वाटेल." मी वहीत लिहिलं, 'विहिणीचा एकेरी उल्लेख, आदर नाही.' ती वही अजून माझ्याकडं आहे. ते वाक्य वाचलं की मला अजून कानकोंडं होतं.

मग मी उपाय सांगितला. आमच्या पद्धतीत उपाय म्हणजे घराला करायला दिलेलं एखादं काम. मी खुर्ची पुढं ओढली आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, सुधानं बाळाला घेऊन महिनाभर माहेरी राहायचं. या महिन्यात या घरातून त्या घरी कुणी जायचं नाही. श्रीधरनं नाही, वैनींनी नाही. निरोप नाही, डबा नाही, काही पाठवायचं नाही. तिला तिच्या माणसांत पूर्ण मोकळं राहू द्या.

हे बोलत असताना फोनवरचा लाल दिवा लागला. मला दिसला. पण मी अशा सुरात आले होते की मध्ये थांबणं जिवावर आलं. दिवा विझला आणि पुन्हा लागला. मी वाक्य पुरं केलं.

वैनींचा चेहरा उतरला. त्यांनी श्रीधरकडं पाहिलं, सुधाकडं पाहिलं. सुधानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि ती जोरजोरात नकारार्थी हलवली. मला वाटलं, सासूच्या धाकानं नको म्हणतेय.

"काहीच पाठवायचं नाही?" वैनींनी विचारलं.

"काहीच नाही. महिनाभर."

त्यांनी सुधाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "सरी, बरं. तुम्ही शिकलेल्या. पोर बोलायला लागली म्हणजे झालं."

ते गेल्यावर सरोजम्मा काचेपलीकडून आल्या. "मेडम, दिवा दिसला नाही?"

"दिसला. काय होतं?"

"एक प्रश्न होता. विचारावा असं वाटलं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मी स्वतःवर किती खूश आहे ते त्यांना दिसलं असावं. "आता काय, ते गेले. पुढच्या वेळी."

मला चारचं लेक्चर होतं. मी खडू उचलला आणि निघाले. त्या दिवशी मी वर्गात चांगलं शिकवलं, हेही आठवतं.

भाद्रपद आला. गणपतीच्या आदल्या दिवशी इथं गौरी असते. माझ्या पुण्याच्या डोक्यात गौरी म्हणजे गणपतीनंतर येणारे मुखवटे आणि पुरणपोळी. इथल्या गौरीला आणखी एक गोष्ट असते, ती मी इतकी वर्षं या गावात राहून दुरून बघत आले होते. त्या दिवसांत गांधी बाजारात सुपांचे ढीग लागतात. एका सुपात तांदूळ, डाळ, गूळ, नारळ, हळद-कुंकू, बांगड्या, फणी, खण असं भरायचं, दुसरं सूप वर पालथं घालून दोऱ्यानं बांधायचं. हे बागिन. माहेरहून लग्न झालेल्या लेकीला जातं. बहुतेक भाऊ घेऊन जातो. लेक साठ वर्षांची झाली तरी जातं. मला ते दिसत होतं, पण त्याचा माझ्या कामाशी संबंध आहे असं कधी वाटलं नव्हतं.

गणपतीनंतरच्या बुधवारी केंद्राच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीला टेकलेल्या, बसच्या प्रवासानं साडी चुरगळलेली, हातात कापडी पिशवी. आनेकलहून आले म्हणाल्या. नाव कमला. मी उत्साहानं उठले. सुधाच्या आई, म्हणजे माझ्या उपायाचा निकाल. सुधा बोलते का, विचारलं.

"बोलते की. दुसऱ्या दिवसापास्नं बोलते." त्या बसल्या नाहीत. "मला एक विचारायचं होतं. माझ्या भावाला आमच्याकडं येऊ नको म्हणून तुम्ही सांगितलं?"

"तुमच्या भावाला? कोण तुमचा भाऊ?"

"शिरी. श्रीधर."

पाठीमागं फळ्यावर तो कागद अजून लावलेला होता. कमलाबाईंनी माझ्या मागं बघितलं, जवळ गेल्या, नावं वाचली. डावीकडच्या गोलावर त्यांनी बोट ठेवलं. "ही मी." मग बोट कागदावरून सरकवत उजवीकडच्या बिननावाच्या गोलावर नेलं. "आणि ही पण मीच."

सुधाचं लग्न तिच्या आईच्या धाकट्या भावाशी झालं होतं. तिच्या सख्ख्या मामाशी. तिची सासू ही तिची आजी होती. वेताची खुर्ची पदरानं पुसणारी, केसांवरून हात फिरवणारी ती बाई नातीला सांभाळत होती. विहीण म्हणून मी जिचा आदर मोजत बसले, ती कमली त्यांच्या पोटची लेक होती. इकडं हे सर्रास चालतं. कन्नड घरांत चालतं, आणि तीनशे वर्षं त्यांच्यात राहिलेल्या मराठी घरांतही चालतं. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं ही चूक केली नसती. ते सगळे इथले होते.

आणि आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातंय. ते ऐकताना माझा चेहरा आक्रसला. एक क्षणभरच, पण पुण्यात वाढलेल्या बाईचा आक्रसतो तसा. कमलाबाईंनी तो बघितला.

"म्हणूनच कुणी सांगितलं नाही तुम्हाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुण्याकडचे पाहुणे आले की आमच्यात असंच असतंय. लग्न कुणाशी झालं ते सांगायचं नाही. ते तोंड असं करतात. वैनी म्हणाली, मेडम चांगल्या आहेत, पण तिकडच्या आहेत, उगा कशाला."

मी माफी मागितली. कशाकशाची मागतेय ते मलाच नीट कळत नव्हतं. मग त्या बसल्या. लोखंडी घडीच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन, आणि त्यांनी गौरीचा दिवस सांगितला.

लग्न झाल्यापासून एकोणतीस वर्षं आनेकलला बागिन आलं होतं. आधी वडील आणायचे, मग शिरी. पाऊस असो, बसचा संप असो. एक वर्ष तो सायकलवर आला होता. या वर्षी त्या सकाळी नेसून-सवरून पायरीवर बसल्या. दहाची बस आली, बाराची आली, चारची आली. शेजारणींचे भाऊ येऊन जेवून गेले. दिवेलागणीला त्या उठून आत गेल्या आणि चुलीपुढं रडायला लागल्या. तेव्हा सुधानं त्यांना धरलं आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं, आई. म्हणूनच मी बोलत नव्हते."

मग तिनं सांगितलं. माघात तिला देवनहळ्ळीच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं होतं. तिनं अर्ज केला होता, शिकवायचं तिच्या मनात लहानपणापासून होतं. ते पत्र श्रीधरनं घेतलं आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिलं. रागानं नाही. लांब आहे, दोन बसा बदलायच्या, पोर दमेल. तारीख उलटून गेल्यावर ते तिच्या हाताला लागलं.

"आता तुम्हीच सांगा," कमलाबाई म्हणाल्या, "ती कुणाला सांगणार? दुसरी पोर असती तर आईपाशी येऊन नवऱ्याची तक्रार केली असती. ही माझ्याकडं येऊन माझ्या भावाची तक्रार कशी करेल? मी लेकीची बाजू घेतली तर माझं माहेर तुटलं. भावाची घेतली तर लेक तुटली. आजीला सांगावं तर ती त्याची आई. तोंड उघडलं की कुठंतरी चिरा पडणार. म्हणून पोरीनं तोंड शिवून घेतलं. माझं माहेर राहावं म्हणून. आणि तुम्ही एक कागद काढून ते बंद केलंत."

चार महिने ती जे धरून बसली होती, तेच मी माझ्या हातानं मोडलं होतं. तिची मान नको नको म्हणत हलली होती, ती माझ्या डोळ्यांपुढं आली.

कमलाबाई गेल्यावर मी सरोजम्मांना विचारलं, त्या दिवशी प्रश्न काय होता.

"सुनेच्या आईला कुणी 'कमली' म्हणतं का, असं वाटलं," त्या म्हणाल्या. "या घरांत मामाला मुलगी देतात, मला माहीत आहे. विचारून बघा म्हणणार होते."

"पुन्हा का नाही सांगितलंत?"

"दोनदा दिवा लावला, मेडम."

पुढच्या बुधवारी मी सगळ्यांना बोलावलं. वैनी, कमलाबाई, श्रीधर, सुधा. फळ्यावर कोरा कागद. मी पहिल्यांदा सर्वांची माफी मागितली, काचेपलीकडच्या आठ जणांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग पेन कमलाबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्ही काढा. त्यांनी एकच गोल काढला, त्याच्याखाली सुधा, शेजारी शिरी, वर वैनी आणि त्यांचे यजमान. रेघा एकमेकींवरून गेल्या. ते चित्र माझ्या पुस्तकांतल्या कुठल्याच चित्रासारखं दिसत नव्हतं.

तरी श्रीधर आणि वैनींसमोर सुधा गप्पच. मी बोलत राहिले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. लाल दिवा लागला. या वेळी मी शब्द अर्धा सोडून फोन उचलला.

"मेडम, तुम्ही गप्प बसा," सरोजम्मा म्हणाल्या. "आईला बोलू द्या. परवानगी तिची हवी आहे, तुमची नाही."

मी फोन ठेवला आणि गप्प बसले. थोड्या वेळानं कमलाबाई उठल्या, सुधासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ गे. शिरी माझा भाऊ आहे. तो मला सोडत नाही, मी त्याला सोडत नाही. ते आमचं आम्ही बघतो. तू तुझ्या नवऱ्याशी भांड. पोटभर भांड. माझं माहेर तुला राखायला नको."

सुधा श्रीधरकडं वळली.

"माझं पत्र का ठेवलास?"

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट. वैनींनी पदर तोंडाला लावला. श्रीधरनं आपल्या हातांकडं बघितलं.

"लहान होतीस तेव्हापासून सांभाळलंय तुला," तो म्हणाला. "सुट्टीत आजोळी आलीस की कडेवर घेऊन फिरायचो. बसमध्ये तू एकटी उभी आहेस असं डोळ्यांपुढं आलं. चुकलं माझं."

"कडेवरनं उतरव रे तिला आता," वैनी म्हणाल्या. "केवढी झाली ती."

सुधा हसली आणि मग रडायला लागली. मग दोघं भांडले, व्यवस्थित, पंचवीस मिनिटं, आणि मी एक शब्द बोलले नाही. मला विचाराल तर माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली पंचवीस मिनिटं. निघताना वैनींनी कमलाबाईंचा हात धरला. गौरी गेल्यावर बागिन द्यायचं नाही अशी त्यांच्या घरची रीत होती. "पुढच्या वर्षी दोन वर्षांचं एकदम," त्या म्हणाल्या. "दोन्ही सुपं मी भरते."

पुढच्या जूनमध्ये सुधा एका शाळेत लागली. देवनहळ्ळीची जागा गेली ती गेलीच, पण ही बरी होती, एका बसची. श्रीधर तिला स्टॉपपर्यंत पोचवायला जायचा आणि बस आली की मागं वळायचा. हे त्यानं स्वतः येऊन सांगितलं, बढती मिळाल्यासारखं तोंड करून.

आषाढात वैनी गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. मी भेटायला गेले होते. सुतकाचं वर्ष, म्हणून त्या वर्षी त्यांच्याकडं गौरी नव्हती, बागिन नव्हतं. दोन वर्षांचं एकदम राहूनच गेलं. आधीच्या वर्षीचं, वैनींच्या हातचं शेवटचं, माझ्या सांगण्यावरून गेलं नव्हतं. हा हिशेब मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण गांधी बाजारात सुपांचे ढीग लागले तेव्हा मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं.

पुढं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी शिकवलं. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या तासाला तो जुना कागद दाखवला, एका बाईसाठी दोन गोल असलेला. विद्यार्थी हसायचे, मी हसू द्यायची. मग मी फोनचा नियम सांगायची. आता ती खोलीही नाही. काच काढली, कॅमेरे बसवले, खुर्च्या सगळ्या एकसारख्या निळ्या आल्या. पर्जन्यवृक्ष आहे अजून. सरोजम्मा नाहीत. त्यांच्या मोगऱ्याचा वास त्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर राहायचा, त्याची फार आठवण येते.

त्याच सुतकाच्या वर्षी, भाद्रपद संपता संपता, कमलाबाई पुन्हा केंद्रात आल्या होत्या. या वेळी न सांगता बसल्या, वेताच्या खुर्चीत. मी कॉफी मागवली. सुधाची शाळा, बाळाचे दात, शेतातली नाचणी असं सगळं बोलून झालं. मला राहवेना. मी म्हटलं, "तुमच्या आईचं शेवटचं बागिन माझ्यामुळं चुकलं. ते मला विसरता येत नाही."

त्यांनी कॉफी संपवली, पेला खाली ठेवला.

"तेच सांगायला आले," त्या म्हणाल्या. "तेराव्यानंतर घर आवरत होतो. देवघराच्या वरच्या माळ्यावर सूप होतं. दोऱ्यानं बांधलेलं. वैनीनं त्या वर्षी भरून ठेवलं होतं. तुम्ही पाठवू नका म्हणालात, म्हणून पाठवलं नाही. भरायचं काही चुकवलं नव्हतं."

मी माझा पेला बाजूला सरकवला.

"तांदळात किडे झाले होते. गूळ मुंग्यांनी नेलेला. नारळ आतनं सुकून खडखडत होता." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या. "बांगड्या बरोबर झाल्या."